जिवंत माणसाची आंघोळ

"जोवर या घराचा कर्ता मी आहे, तोवर तिर्कोनेनांची एकही मुलगी आघाडीच्या वाटेला पुन्हा पाऊल लावणार नाही!"

ही घोषणा तावेत्तीकाकांनी शनिवारी दुपारी केली. घोषणा ऐतिहासिक होती, आवाज खणखणीत होता आणि एक हातही हवेत गेला होता. अडचण एवढीच, की काका त्या वेळी स्वयंपाकघराच्या जमिनीखालच्या तळघरात उभे होते. झडपेतून त्यांचं डोकं आणि तो हात, एवढाच ऐवज वर दिसत होता.

"बरं भावोजी," हिल्मा म्हणाली. "वर येताना अर्धी बादली बटाटे घेऊन या. बारके नकोत."

डोकं खाली गेलं. मग बटाटे बादलीत पडल्याचे आवाज येऊ लागले. प्रत्येक बटाटा जरुरीपेक्षा जरा जोरातच पडत होता.

काकांच्या घोषणांचं घरात कुणी वाईट वाटून घेत नसे. 'या घरात रेडिओ येणार नाही' असं त्यांनी एकदा बजावलं होतं. आता रोज सकाळच्या बातम्यांना त्या रेडिओला कान चिकटवून तेच बसत आणि दुसरं कुणी खोकलं तरी डोळे वटारून बघत. 'माझा घोडा सैन्याला मिळणार नाही' असंही ते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतःच घोड्याला खरारा केला, ओट्सची पिशवी गळ्यात अडकवली आणि सहा मैल चालत नेऊन सोपवला. परत येताना मोकळा लगाम खांद्यावर टाकून आले, आणि पुढे आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत.

या वेळी मात्र गोष्ट निराळी होती, कारण या वेळी काकांच्या सहीला किंमत होती. हिल्माच्या मुलीला, सायमीला, एकवीस पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते, बाप तिच्या लहानपणीच घोड्यासकट तळ्याच्या बर्फाखाली गेलेला. तेव्हा कायद्याने पालक काका. स्वयंसेविका म्हणून पुन्हा सहा महिने युद्धाच्या आघाडीवर जायचं, तर पालकाची सही हवी. सोमवारच्या सकाळच्या गाडीआधी हवी. कागद चार दिवस टेबलावर साखरेच्या भांड्याखाली पडून होता. भांड्यात साखर वसंतापासून नव्हती, त्यामुळे ते कागद दाबून ठेवायच्याच कामाचं उरलं होतं.

"अहो, सूपच तर करते ती," हिल्मा तळघराच्या दिशेने म्हणाली. "वाटाण्याचं सूप. दोनशे माणसांचं. त्यात कसली आलीय आघाडी? पाद्रीणबाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुमच्या सायमीने आपल्या गावाचं नाव काढलं."

"पाद्रीणबाईंना तीन मुलगे आहेत, मुलगी नाही," तळघरातून उत्तर आलं. "त्यांचं काय जातंय बोलायला!"

"आणि बटाटे कोण काढणार?" चुलीजवळून लोव्हिसाआत्या म्हणाली. "अर्धं शेत अजून जमिनीत आहे. सैन्याला सूप हवंय, आणि आम्ही काय हिवाळाभर रेडिओ खायचा?"

लोव्हिसाआत्या खरं तर काकांची आत्या, पण तिला सगळा गावच आत्या म्हणायचा. चाळीस वर्षं या पंचक्रोशीत जो कुणी मेला, त्याला तिने धुतला होता. त्यामुळे ती कुणाकडे जरा निरखून पाहू लागली की माणसं उगीचच ताठ बसत.

तर दोघं विरुद्ध, एक बाजूने. ज्या मुलीवरून हे चाललं होतं ती खिडकीपाशी बसून तळ्याकडे बघत होती. सप्टेंबरातलं ऊन दुधात पाणी घातल्यासारखं पातळ झालं होतं. तळ्यावरचं धुकं दुपारीही पुरतं उठत नव्हतं. मधूनच एखादी होडी त्यातून बाहेर येई, आपण कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखी जरा थांबे आणि पुन्हा आत शिरे. सायमी आल्यापासून अशीच होती. वस्तू खाली ठेवायची ती अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तशी. दार लावताना दोन्ही हातांनी लावायची. हिल्माला वाटे, पोर दमलीय. दोनशे माणसांचं सूप म्हणजे काय चेष्टा आहे?

"सायमी, तू तरी बोल ना काकांशी," ती म्हणाली.

"बोलेन," सायमी म्हणाली, आणि पुन्हा होडीकडे बघू लागली.

"बोलेन म्हणे! हिच्या बापानेही घोड्याला बर्फावर घालताना मला एवढंच सांगितलं होतं. 'बघेन' म्हणाला होता," आत्या उठत म्हणाली. "चल गं. सौना तापलीय. सैन्याची सुपं ढवळून हातात जोर आला असेल, तर जरा माझ्या पाठीवर दाखव."

*

आमच्याकडे शनिवारी बायका आधी सौनेत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जातात आणि पुरुष मागून. तिथली पहिली वाफ मऊ असते, असं आत्याचं मत. आत अर्धा काळोख, अर्धा सोनेरी उजेड. भिंतीतल्या लहानशा खिडकीतून उन्हाचा एकच पट्टा येत होता आणि त्यात वाफ निवांत गिरक्या घेत होती. तापल्या दगडांवर पाणी पडलं की दगड सुस्कारा सोडत. अंगावर झोडायच्या ओल्या बर्चच्या डहाळ्यांचा वास इतका दाट होता, की त्याला टेकून बसावं.

आत्या खालच्या बाकावर बसली, डोळे मिटले आणि पाठ वळवली. पाठीवर काही येईना.

त्याऐवजी कपाळावर काहीतरी आलं. कोमट, ओलं फडकं. सायमी तिच्यासमोर गुडघे टेकून बसली होती आणि फडक्याच्या कोपऱ्याने तिचं कपाळ पुसत होती. मग पापण्या, वरून खाली, एक आणि मग दुसरी. मग नाकाच्या कडा, कानांमागची घडी. फडकं पाण्यात बुडालं, पिळलं गेलं, परत आलं. आत्याला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की ती झोपेच्या काठावर जाऊन पोहोचली. तिची आई तिला तान्ही असताना याच सौनेत अशी पुसत असेल का, असला काहीतरी विचारही तिच्या मनात तरंगून गेला.

"आता उजवा हात घेते हं," सायमी हलक्या आवाजात म्हणाली. तो आवाज आत्याशी बोलत नव्हता.

उजवा हात उचलला गेला. एकेक बोट वेगळं धुतलं गेलं, नखांखालची माती काडीने काढली गेली. हात मांडीवर ठेवला, तळवा खाली. "आता दुसरा." डावा हात. तोही तसाच. मग दोन्ही हात उचलून सायमीने ते आत्याच्या पोटावर एकावर एक ठेवले आणि मानेखाली द्यायला टॉवेलाची गुंडाळी करू लागली.

आत्याने डोळे उघडले.

"सायमी."

"हं?"

"मी अजून आहे."

सायमीचे हात जागीच थांबले. उन्हाच्या पट्ट्यातली वाफही थांबल्यासारखी वाटली.

"जिवंत माणसाची आंघोळ पाठीपासून सुरू करतात," आत्या शांतपणे म्हणाली. "तोंड त्याचं तो धुतो. तोंडापासून सुरुवात कुणाची करतात, हे या गावात मला एकटीला ठाऊक आहे असं मी समजत होते. तुला कुणी शिकवलं?"

सायमीने टॉवेल उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "आघाडीवरून त्यांना आमच्याकडे आणतात. आम्ही धुतो, कपडे घालतो, पेटीत ठेवतो. मग त्यांच्या त्यांच्या गावाला पाठवतो."

"आणि सूप?"

"सूप दुसऱ्या मुली करतात. इर्या म्हणून आहे, तिला विचारून मी आईला लिहायचे."

"तरीच! सात पत्रं लिहिलीस, एकातही वाटाणे रात्री भिजत घातल्याचं नाही. मी हिल्माला म्हटलं, हे कसलं गं सूप? तर म्हणते, सैन्याचे वाटाणे वेगळे असतील."

सायमी हसली. हसता हसता तिने चेहरा ओंजळीत घेतला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. आत्याने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली आणि दोघींना एकमेकींचं तोंड दिसेनासं झालं. ते बरंच झालं.

"थिजलेले येतात का गं?" वाफेतून आत्याचा आवाज आला.

"हिवाळ्यात यायचे. आधी ऊब द्यावी लागते."

"कोमट पाणी. कढत नको. घाई केली की कातडी रुसते."

"माहीत आहे. आम्ही ओल्या चादरी घालतो."

"चादरी? अरे वा!" आत्याला हे नवीन होतं. चाळीस वर्षांत तिला या विषयात नवीन काही सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. "बुटांचं काय करता? फुगलेल्या पायावरून निघत नाहीत."

"शिवण उसवते मागून. कातडं कापत नाही."

"शाबास. बोलतेस त्यांच्याशी?"

"नाव ठाऊक असलं तर नावाने. नसलं तर 'बाळा' म्हणते. कधीकधी बाळ पंचेचाळीस वर्षांचं असतं, मिश्यावालं."

"चालतं. तक्रार करत नाहीत." आत्याने पळी बादलीत ठेवली. मग तिने विचारलं, "आपला एइनो? तुझ्याकडे आला होता?"

एइनो म्हणजे काकांचा एकुलता मुलगा. मार्चमध्ये त्याची पेटी स्टेशनवर उतरली होती.

"नाही, दुसऱ्या केंद्रातून गेला. मी रोज यादी बघायचे. त्याचं नाव मला आईच्या पत्रातूनच कळलं."

"मग परत कशाला जायचंय तुला? खरं सांग. देशबिश सांगू नकोस, मी उघडी बसलेय."

सायमीने विचार केला. "आम्ही चौघी आहोत तिथे. मी नसले तर तिघी. आणि तिघींना घाई करावी लागते."

आत्याने मान डोलावली. या कारणावर तिला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि वळून बसली. "आता पाठ घास. आणि जोरात घास. मला दुखलं तर मी ओरडेन, तेवढाच तुला बदल."

*

हिल्माने मीठ लावलेली तळ्यातली मासळी, उकडलेले बटाटे आणि ताक मांडलं होतं. नंतर भाजलेल्या जवाची कॉफी होती. तिला कॉफी म्हणायचं धैर्य फक्त युद्धकाळातच होतं. सौनेतून आलेल्या दोघी लालबुंद होऊन बसल्या, आणि आत्याने बटाटा सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. सोलून होईपर्यंत सांगूनही झालं.

"तेव्हा माझं मत बदललंय," ती म्हणाली. "जाऊ दे तिला. बटाटे मी काढीन."

हिल्माने चमचा खाली ठेवला. तिला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर ती सात पत्रं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने ती मोठ्याने वाचून दाखवली होती. 'आज सुपात डुकराचं मांस जरा जास्त पडलं, सगळे खूश झाले.' पाद्रीणबाईंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं होतं.

"डुकराचं मांसही खोटं?" तिने विचारलं.

"मांस खरं होतं, आई. मी केलेलं नव्हतं, एवढंच."

"तुला माझ्याशी खोटं बोलवलं तरी कसं?"

"तू झोपली नसतीस."

"आता झोपेन का?" हिल्मा उठली, साखरेच्या भांड्याखालचा कागद ओढला, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात टाकला. खिशात पीठ होतं. "नाही जायचं. वीस वर्षांची पोर! सूप निराळं आणि हे निराळं. आत्या, तुम्हाला सवय आहे, तुमचं चालायचं."

"मी एकोणीस वर्षांची होते पहिल्यांदा," आत्या म्हणाली. "आणि धुतला तो माझाच भाऊ होता."

"भावोजी, तुम्ही सांगा ना हिला! दुपारपासून तेच सांगत होतात ना तुम्ही?"

आता काका हिल्माच्या बाजूने आणि आत्या सायमीच्या, असा हिशोब व्हायला हवा होता. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या हातात मासळीचा तुकडा होता, शेपटीला धरलेला. तो त्यांनी परत ताटलीत ठेवला, बोटं पुसली आणि काहीही घोषित न करता दारातून निघून गेले.

हे इतकं अघटित होतं, की हिल्मा रडायचं विसरली.

*

सायमीला ते तळ्याच्या धक्क्यावर सापडले. टॉवेल खांद्यावर होता, पण सौनेकडे पाय वळले नव्हते. धुकं आता धक्क्याच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. काका अर्ध्या फळ्यांवर बसले होते आणि पुढच्या अर्ध्या फळ्या नव्हत्याच. ऊन त्या पांढऱ्यात मुरून मऊ पिवळं झालं होतं. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, ते कळायला मार्ग नव्हता. एक पाणकोंबडी कुठूनतरी ओरडली, तीसुद्धा स्वप्नात ओरडल्यासारखी.

सायमी शेजारी बसली. आमच्याकडे असं बसल्यावर लगेच बोलत नाहीत. ती बसली आणि वाट पाहू लागली. वाट पाहायला ती शिकली होती.

"मी पेटी उघडली होती," काका म्हणाले.

सायमीने पाय पाण्यावर सोडले.

"मार्चमध्ये. आपल्या घोडागाडीच्या शेडमध्ये, एकटाच होतो. तुझ्या आईला ठाऊक नाही, आत्यालाही नाही. स्टेशनवरच्या माणसाने उघडू नका म्हणून सांगितलं नव्हतं. उघडा असंही नव्हतं." त्यांनी टॉवेलाचं टोक पिळलं, ते कोरडंच होतं. "स्वच्छ होता. सदरा पांढरा. सगळं नीट. पण केसांचा भांग पाडला होता त्याच्या. डाव्या बाजूला, सरळ रेघ. बँकेतल्या कारकुनाचा असतो तसा."

"हं."

"एइनो आणि भांग! जन्मात पाडला नाही त्याने. पाणी मारायचा आणि मागे सारायचा, की कोंबड्यासारखे उभे राहायचे. मी तिथे उभा राहून म्हटलं, हा कोण? हा माझा नव्हेच. म्हणून मी बोटांनी पुन्हा मागे..." ते थांबले. "सहा महिने मी त्या बाईवर चिडलोय, सायमी. कोण ती? कुणी सांगितला होता तिला भांग पाडायला?"

"कुणी सांगत नाही, काका. खिशात फोटो असला तर आम्ही फोटो बघतो. नसला तर अंदाज करतो."

"अंदाज!"

"आईला बघायला नीटनेटका दिसावा, एवढंच डोक्यात असतं."

"त्याला आई कुठे होती?"

"ते तिला कसं कळणार?"

हे काकांना पटलेलं दिसलं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. धुक्याने आणखी दोन फळ्या घेतल्या.

"कंगवा असतो पुष्कळांच्या खिशात," सायमी म्हणाली. "तो सापडला तर त्यानेच विंचरतो."

"एइनोकडे कंगवा? कधीच नव्हता. म्हणायचा, देवाने बोटं कशाला दिलीत?"

"मग तिने स्वतःचा वापरला असेल."

काकांनी तिच्याकडे मान वळवली.

"स्वतःचा?"

"आम्ही वापरतो. माझाही त्याच कामाला असतो, धुऊन ठेवलेला."

 काका तिच्या वेणीकडे बघत राहिले. आज आंघोळीनंतर घाईत घातलेली, ओली, जरा वाकडी वेणी. बघता बघता त्यांचा चेहरा असा झाला, की सायमीने सभ्यपणे तळ्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती तरी पाहत राहिली.

*

दोघं घरात शिरली तेव्हा हिल्मा उभीच होती. ताटं कुणी उचलली नव्हती.

"हिल्मा, कागद दे," काका म्हणाले.

"कशाला?"

"दे."

हिल्माने एप्रनचा खिसा मुठीत धरला. तिने दिराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेकीच्या. एइनो गेला तेव्हा अंत्यविधीची भाकर तिनेच भाजली होती, पावसात भिजून आलेल्या साठ माणसांसाठी. भाजताना सारखं मनात येत होतं, की त्या पोराचं शेवटी कुणी काही केलं असेल का, की तसाच उचलून ठेवला असेल? ते तिने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला?

"तू यापुढे मला खरं लिहायचं," ती सायमीला म्हणाली. "सगळं. मी चर्चच्या पायऱ्यांवर नाही वाचणार."

"लिहीन, आई."

"आणि मला झोप लागली नाही तर माझं मी बघेन."

तिने कागद टेबलावर टाकला. घड्यांमधून पीठ सांडलं. काकांनी तो तळहाताने सरळ केला. दौत आणली, टाक आणला, चष्मा शोधला. तो नाकावरच होता. मग टाक बुडवून ते थांबले, आणि घोषणेआधी करत तशी पाठ ताठ केली. आत्याने जवाची कॉफी खाली ठेवली.

"सही करतोय," काका म्हणाले. "पण माझी एक अट आहे."

"आली!" आत्या पुटपुटली. "रविवारी चर्च, दारूला शिवायचं नाही, आणि अधिकाऱ्यांशी बोलायचं नाही."

"बोल, तावेत्ती," ती मोठ्याने म्हणाली. "तुझी काय अट आहे?"

काकांनी सही केली. टिपकागद दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग कुणाकडेच न बघता म्हणाले,

"ज्याचं ठाऊक नसेल त्याचा भांग पाडू नका. केस नुसते मागे घ्या."